साक्षीचा गोळा

अंगठ्याने दाबलं तेव्हा पावाला खड्डा पडला, आणि अंगठा उचलला तसा तो खड्डा हळूहळू भरून आला, झोपेतल्या माणसाने अंगावरचं पांघरूण नीट करून घ्यावं तसा. मी पुन्हा दाबलं. पुन्हा भरून आला. मुलगी टेबलाशी बसून कडेची पहिली स्लाइस खात होती, ओठांना लोणी लागलं होतं, आणि ती म्हणत होती, "आई, ही वीट नाहीये! आई, हा खरा पाव आहे!" आठ महिने दर रविवारी मी तांदळाचं पीठ, बटाट्याचं स्टार्च आणि इसबगोल कालवून पाव भाजत आले होते आणि दर रविवारी ओव्हनमधून एक वीट निघत होती. नाव तिनेच ठेवलेलं. "आजची कितव्या मजल्याची?" असं विचारायची आणि तरी दोन तुकडे चावून चावून खायची, मला वाईट वाटू नये म्हणून; नऊ वर्षांच्या पोरीला एवढं समजावं याचंच मला जास्त वाईट वाटायचं. आज मात्र पावाला घुमट आला होता, सुरीखाली तो दबत होता आणि परत उठत होता, आणि अर्धा श्वासभर मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. उरलेल्या अर्ध्या श्वासात माझे हात गार पडले. तांदूळ असा परत उठत नाही. दाबलेलं विसरून जाणं हा गव्हाचा स्वभाव. आणि गहू म्हणजे माझ्या मुलीला विष.

"थांब. खाऊ नकोस."

"का? मस्त झालाय."

"थांब म्हटलं ना!" तिच्या हातातला उरलेला तुकडा मी ओढूनच घेतला. ती माझ्याकडे बघत राहिली, बोटांवरचं लोणी चाटायचं की पुसायचं हे न कळून. घड्याळात साडेअकरा वाजले होते. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी दोन तासांत तिला उलटी होते, मग दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते, आणि पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की उलटी दिसते, आतलं दिसत नाही. आतून आतडं झिजत जातं, म्हणून पोरीचं वजन वाढत नाही, उंची वाढत नाही. गेल्या तीन महिन्यांत कुठे सव्वा किलो वजन वाढलं होतं. त्या सव्वा किलोवर मी जगत होते. साडेअकरा अधिक दोन, दीड. दीड वाजेपर्यंत काय करायचं असतं आईने?

मी घाबरले तरी वेंधळी नाही. माझं कामच तसं आहे. दुकानांतले तराजू आणि वजनं खरी आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या कचेरीत मी पंधरा वर्षं बसते. काचेच्या पेटीत पितळेचं वजन चिमट्याने उचलून ठेवायचं, पेटीचं दार लावायचं, श्वास रोखायचा, कारण माणसाच्या श्वासानेही काटा हलतो. तिथे मला सगळे मिलिग्रॅमबाई म्हणतात. तर मिलिग्रॅमबाईने सकाळपासूनचं सगळं आठवून पाहिलं. आठ वाजता पीठ कालवलं. सगळी पाकिटं नवी, बंद, मीच फोडलेली. पीठ टिनमध्ये ओतलं, वर ओलं फडकं टाकून टिन फ्रिजवर ठेवला. मुलीच्या शाळेचे बूट घ्यायला आम्ही दोघी दीड तास बाहेर. परत आलो तर पीठ टिनच्या काठाला आलेलं. आज ऊन आहे म्हणून, असं मनाशी म्हणाले आणि टिन ओव्हनमध्ये सरकवला. एवढंच. यात गहू कुठून आला? की माझ्याच हाताने? हाताचा मला कधी भरवसा वाटत नाही. लहानपणी बाबांच्या पावाच्या भट्टीत ओट्यावर पीठ भुरभुरायचं काम माझं होतं. अजूनही ओटा मोकळा दिसला की माझी बोटं आपोआप चिमूट धरतात. पण चिमूट धरायला गहू घरात पाहिजे ना. आठ महिने घरात गव्हाचा दाणा नाही.

घरात गव्हाचा दाणा नाही, पण घरात बाबा होते.

हा विचार मनात आला तसा मी तो ढकलून दिला आणि तो पुन्हा वर आला, त्या पावासारखाच. बाबांनी चाळीस वर्षं भट्टी चालवली. आई गेली, गुडघे गेले, तेव्हा भट्टी जुन्या कारागिराच्या हाती सोपवून ते आमच्याकडे राहायला आले. येताना एक पत्र्याची ट्रंक आणि पीठ मळायची लाकडी काठवट घेऊन आले. काठवट आईची. तिच्या कडेला आईच्या तळव्याची झीज होती, डाव्या बाजूला जरा खोल, कारण आई डावखुरी. त्या काठवटीत मळताना आई गुणगुणायची,

पिठा माझ्या पिठा, मळते मी तुला,
हाताला कळू दे, कळेना जे मला.

पहिल्या ओळीवर पीठ पुढे ढकलायची, दुसऱ्या ओळीवर मागे ओढायची, आणि काय कळत नव्हतं तिला ते तिने कधी सांगितलं नाही. मुलीच्या आजाराचं निदान झालं त्या दिवशी मी दवाखान्यातून आले ती सरळ स्वयंपाकघरात घुसले. डबे, चाळणी, लाटणं, टोस्टर, सगळं पोत्यात. लाकडाच्या भेगांत पीठ राहतं, कितीही धुतलं तरी राहतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, म्हणून काठवटही. बाबा तेव्हा खाली फिरायला गेले होते. वर आले, ओट्याखालची रिकामी जागा पाहिली, आणि एवढंच म्हणाले, "विचारलं असतंस तर मीच उचलून दिली असती." मी म्हणाले, "विचारायला वेळ नव्हता, बाबा." वेळ होता. विचारलं असतं तर मला रडू आलं असतं, म्हणून विचारलं नाही. त्या दिवसापासून ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत आलेले मला दिसले नाहीत. चहाचा कपसुद्धा बाहेरूनच मागायचे. रोज दुपारी जुन्या कारागिराकडे गप्पा मारायला जायचे, तेही बंद झालं. मला वाटलं, रुसलेत. किंवा गुडघे. मग मी विचारायचंच सोडलं.

आणि पहिल्याच आठवड्यात जेवताना ते म्हणाले होते ना, "चाळीस वर्षं अख्ख्या वस्तीला पाव घातला, कुणाला बाधला नाही. आपल्याच शेठला कसा बाधतो?" शेठ म्हणजे माझी मुलगी; दोन वर्षांची असताना ती भट्टीच्या गल्ल्यावर चढून बसायची म्हणून ते नाव. त्या वाक्यात मला तेव्हा दुःख ऐकू आलं होतं. आता तेच वाक्य आठवलं तर आजाराविषयीचा संशय ऐकू येत होता. एक वाक्य दोन प्रकारे कसं ऐकू येतं? काटा एकच, वजन एकच, मग हलतं काय?

"पोट दुखतंय?" मी मुलीला विचारलं.

"नाही."

"मळमळतंय?"

"आई, तू विचारलंस की मळमळतं."

मला आठवलं, साक्ष आहे. सिंकजवळ वाटीखाली. बाबांच्या भट्टीची ही रीत, आणि अंगात मुरलेली, की कुठल्याही मळलेल्या पिठातला सुपारीएवढा गोळा काढून झाकून ठेवायचा आणि त्या दिवसाचा सगळा माल खाऊन संपेपर्यंत फेकायचा नाही. कुणी तक्रार घेऊन आलं तर गोळा बोलेल. त्याला साक्षीचा गोळा म्हणायचे. पिठाची परीक्षाही त्याच्यावरच व्हायची. नवं पोतं आलं की बाबा त्यातला गोळा नळाखाली धरून चोळायचे, दुधासारखं पाणी वाहून जायचं, जायचं, आणि शेवटी तळव्यावर राखाडी, चिवट, रबरासारखं काहीतरी उरायचं. ते ताणून ते मला दाखवायचे. "हा पिठाचा जीव. हा जितका ताणतो तितका पाव फुगतो." मी सहा वर्षांची असेन. जीव असा दिसतो, हे मी पुढे कितीतरी वर्षं मनापासून मानत होते. निदानाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागदावर ग्लूटेनचं चित्र काढून समजावलं, तेव्हा मला एकदम तो तळवा आठवला, आणि कळेना की ज्याला आम्ही जीव म्हणत होतो तोच माझ्या मुलीच्या जिवावर कसा उठला.

वाटी उचलली. गोळा सुकून कडेला भेगाळला होता. नळ बारीक सोडला. चोळायला लागले. पांढरं पाणी गेलं, आणखी पांढरं पाणी गेलं. शेवटी तळव्यावर काहीतरी उरलं. बुळबुळीत, पारदर्शक, थरथरतं. हे काय? इसबगोल? की इसबगोलात लपलेला तो? मी बोटाने ओढलं, ते सुटलं, निसटलं, सिंकच्या जाळीतून गेलं. सुटलं म्हणजे तुटलं, की निसटलं? माझ्या हाताला कळत नव्हतं. पितळेच्या वजनाच्या हजाराव्या भागाचा फरक ज्या हाताला कळतो, त्याला तळव्यावरचं हे कळत नव्हतं. पण पाव तर टेबलावर होता, फुगलेला, हसरा. मी तो ताटलीसकट उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात उपडा केला. वरून सकाळची चहापत्ती.

"आई!" मुलगी ओरडली. "आजोबा! आईने पाव फेकला!"

बाबा दारात आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, नेहमीसारखे, हात पाठीमागे. त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय केलंत बाबा तुम्ही?" मी म्हणाले. माझा आवाज मला ऑफिसातल्यासारखा ऐकू आला, दुकानदाराचं वजन खोटं निघाल्यावर निघतो तसा. "खरं सांगा. गहू घातलात?"

"मी?"

"मग कोण? मी दीड तास बाहेर होते. पाव उठला कसा? आठ महिन्यांत उठला नाही तो आज उठला? तुम्हाला तिची दया येते, मला नाही येत? एक दिवस मऊ पाव खाल्ला तर काय होतंय, असं वाटलं ना तुम्हाला?"

मुलगी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. बाबा रागावतील असं मला वाटलं, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

"गोळा धुतलास?"

"धुतला."

"काय उरलं?"

"कळलं नाही."

"तो गोळा त्या पावाचा नाही," बाबा म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. बाबा वळले आणि त्यांच्या खोलीत गेले, मी मागे, मुलगी माझ्या मागे. त्यांच्या खिडकीत एक कान तुटलेला कप कायम पालथा असायचा. मी दोनदा बोलले होते त्यावरून, मुंग्या येतील म्हणून. औषधाच्या गोळ्या झाकतात की काय कोण जाणे. बाबांनी तो कप उचलला. खाली सुपारीएवढा गोळा होता.

"हा त्याचा. सकाळचा."

मग त्यांनी कपाट उघडलं. कपड्यांच्या खालच्या कप्प्यात स्टीलचं एक नवं घमेलं, झाकणाचे डबे, सीलबंद पाकिटं, सगळी माझीच, म्हणजे मी आणते त्याच दुकानातली, आणि त्यांच्या शेजारी माझ्या टिनसारखाच दुसरा टिन. त्यात माझं सकाळचं पीठ, ओल्या फडक्याखाली, जेमतेम बोटभर फुगलेलं.

"बदललात?"

"बदलला." ते पलंगाच्या कडेवर बसले. "थोडं पीठ आधी पाण्यात शिजवून घ्यायचं. खळ करतो ना, तशी. गार झाली की बाकीच्या पिठात मळायची. तांदळाला स्वतःचा जीव नाही, त्याला असा उसना द्यावा लागतो. चार महिने लागले मला कळायला. चाळीस वर्षांचा भट्टीवाला आणि चार महिने!" ते हसले, तोंडातल्या तोंडात. "तू ऑफिसला, शेठ शाळेत. रोज एक. फसला की मीच खायचो, चहात बुडवून. तुझ्याही विटा मीच संपवत होतो. तुला काय वाटलं, कबुतरं नेत होती?"

"आजोबांचे दात!" मुलगी एकदम म्हणाली, आणि हसू का नको असं माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाली. मागच्या महिन्यात बाबांची एक दाढ हलली होती. मी म्हणाले होते, वय झालं बाबा.

"मला सांगायचंत ना," मी म्हणाले.

"तू तपासलं असतंस."

"म्हणजे?"

"तपासलं असतंस गं. पाकीट बघितलं असतंस, हात हुंगले असतेस. बरोबरच आहे तुझं, आई आहेस. पण मला वाटलं..." त्यांनी गुडघा चोळला. "मला वाटलं, एकदा तुला वाटू दे की तुला जमलं. रविवारी ओव्हन उघडताना तुझं तोंड मी इथून बघतो. आठ महिने बघतोय."

मनात एकाच वेळी इतकं काही आलं की त्यातलं एकही माझं वाटेना. "आणि कारागिराकडे जाणं?" मी विचारलं. "ते का सोडलंत?"

"तिथे हवेत पीठ असतं. केसांत बसतं, भुवयांत बसतं. आणि शेठ शाळेतून आली की सरळ अंगावर उडी मारते." त्यांनी हात झटकला, जणू अजूनही बाहीवर काही आहे. "पाव करायच्या आधी आंघोळ करून धुतलेला सदराच घालतो. नखं बघ हवी तर." आणि त्यांनी खरोखरच दोन्ही हात पुढे धरले, शाळेतल्या मुलासारखे. नखं मुळापर्यंत कापलेली होती. मला बघवेना आणि मी बघितली. बघून झाल्यावर मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटूनही भीती गेली नाही. हेच मला समजत नव्हतं. माणसावर विश्वास बसला की भीती जायला हवी ना? दोन्ही एकाच पारड्यात कशी बसतात?

बाबा उठले. गोळा माझ्या हातात दिला. "चल, धुऊ."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ते अडखळले. मग आत आले. माझ्यादेखत, आठ महिन्यांनी. सिंकशी माझ्या शेजारी उभे राहिले, आणि मला त्यांची उंची कमी झाल्यासारखी वाटली. मी नळ सोडला. पांढरं पाणी गेलं, गेलं. तेच बुळबुळीत, पारदर्शक काहीतरी उरलं. बाबांनी स्वतः हात लावला नाही. "ओढ आता. हळू. तुटलं तर इसबगोल. ताणलं आणि मागे आलं तर गहू." मी दोन बोटांत धरून ओढलं. ते तुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा तुटलं. ओलसर, निर्जीव, तुटत राहिलं, आणि तुटण्याचं इतकं बरं वाटतं हे मला माहीत नव्हतं. तरी आतला एक आवाज सांगत होता की ही परीक्षा मुठीची आहे, कणाची नाही. कण असाही निसटतो. तुला कधीही पूर्ण कळणार नाही. कचेरीतसुद्धा आम्ही दाखल्यावर लिहितो, इतक्या फरकापर्यंत खरं. त्यापुढचं कुणीच लिहीत नाही. तो तेवढा फरक असतोच, आणि माणसं त्या फरकासकट वजनं उचलून घरी जातात.

दीड वाजेपर्यंत आम्ही तिघे टेबलाशी बसून होतो. बाबा आणि मुलगी बोटांनी टेबलावर चौकोन काढून कसलासा खेळ खेळत होते, तिचे नियम, त्यांचं हरणं. मी घड्याळ बघत नाही असं दाखवत होते. डब्यातून पावाचा वास येत होता, चहापत्तीखालून, भट्टीच्या मागच्या दारातून यायचा तसा. अंगण झाडताना आई मधेच केरसुणी थांबवायची, वास घ्यायची आणि म्हणायची, झाला. तिला बघायला आत जावं लागत नसे. दीड वाजला. पावणेदोन झाले.

"पोट?" मी विचारलं.

"भूक लागलीये," मुलगी म्हणाली. "आणि आजोबांचा पाव तू फेकलास."

"हो," मी म्हणाले. "फेकला."

बाबांनी चौकोनात एक रेघ ओढली आणि पुन्हा हरले.

"बाबा, अजून एक व्हायला किती वेळ लागेल?"

"आत्ता? खळ, मळणं, फुगणं, भाजणं... तीन तास धर. तू इथे बस, मी समोर करतो. बघ तू सगळं."

मी उठले. किल्ल्या घेतल्या, चपला घातल्या. स्वतःच करत होते, तरी दुसरं कुणीतरी करतंय असं वाटत होतं. "समोर नको," मी म्हणाले. "मी खाली जाते. तुम्ही दोघे करा."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "साक्ष काढून ठेवू ना?"

"तुमची रीत आहे," मी म्हणाले. "काढा."

तीन मजले उतरून रस्त्यावर आले आणि कुठे जायचं ते कळेना. डावीकडे औषधाचं दुकान, बंद. उजवीकडे बसथांबा. मी एका बसमध्ये चढले, दोन थांब्यांनी उतरले, परत चालत आले, बाकावर बसले, उठले. एका दुकानातला तराजू पाहिला. काटा जरासा डावीकडे होता, रविवारी मला ते सांगायचं नव्हतं. अंगठ्याला मघाचा पाव अजून लागत होता, भरून येणारा. मधेच वाटलं, धावत वर जावं, पाकिटावरचं बारीक अक्षर एकदा वाचून यावं. मधेच वाटलं, काठवट कुठल्या कचऱ्याच्या डोंगरावर, कुठल्या ढिगाखाली असेल. आईच्या तळव्याची झीज कुणाला कळेल का. घरात सगळं होतं म्हणून मी रस्त्यावर होते, असं काहीसं मनात आलं आणि त्याचा अर्थ लावत बसले, लागला नाही.

तीन तासांनी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर वास आला. मी तिथेच थांबले. आत जाऊन बघायची गरज नव्हती. तरी गेले.

मुलगी टेबलाशी होती, ओठांना लोणी, समोर दोन स्लाइस. बाबा ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसले होते, हात पिठाने पांढरे, आणि पुटपुटत होते, हाताला कळू दे, कळेना जे मला. मला बघून थांबले. मुलीने घास तोंडाजवळ धरून ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "आई, खाऊ?"

सिंकशेजारी तो कान तुटलेला कप पालथा ठेवलेला होता. त्यावर पाण्याचा एक थेंब होता. मी कपावर हात ठेवला. तो अजून उबदार होता, की माझाच हात, कळलं नाही. पोटात भीती होती, होती तिथेच.

"खा," मी म्हणाले, आणि कप पालथाच राहू दिला.